मिसळीसोबत कोणती वाईन जमते? द्राक्ष पिकवणाऱ्या जिल्ह्यासाठी चाखण्याची सोपी ओळख

नाशिक : द्राक्ष आपलं, बाग आपली, छाटणी आपली आणि अवकाळीचा फटकाही आपलाच. पण त्याच द्राक्षाची वाईन झाली की ती चांगली की वाईट, हे सांगायला माणूस मुंबई-पुण्याहून येतो. दिंडोरी, निफाड, इगतपुरी या पट्ट्यात वाईनची द्राक्षं लावणारे शेतकरी कमी नाहीत. त्यांना विचारून बघा, "तुमच्या बागेतल्या मालाची वाईन चवीला कशी लागते?" बरेच जण नुसते हसतात.

मी इंदिरानगरला राहतो. वाईनचा धंदा नाही, कुठल्या वायनरीत नोकरीही नाही. निव्वळ हौस. महिन्यातून एखाद्या वेळी पाच-सहा जण मिळून एखाद-दुसरी बाटली उघडतो, घरात जे शिजलं असेल त्यासोबत चाखतो आणि कशासोबत काय जमलं ते वहीत टिपून ठेवतो. त्या वहीतलं कामाचं तेवढं इथे सांगतो.

आधी एक हिशोब

27 जानेवारी 2022 ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला आणि गावोगावी वाद पेटला. वाईन म्हणजे दारू की नाही? अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, शेवटी तो निर्णय काही अमलात आला नाही. वादात दोन्ही बाजूंनी बरंच बोललं गेलं, पण साधा गुणाकार फार थोड्यांनी केला.

वाईनमध्ये साधारण 12 ते 13 टक्के अल्कोहोल असतं. 750 मिलीच्या बाटलीत 12.5 टक्के धरले तर जवळपास 94 मिली शुद्ध अल्कोहोल झालं. व्हिस्कीत 42.8 टक्के असतं, म्हणजे 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये 77 मिली. वाईनची अख्खी बाटली एकट्याने संपवणारा माणूस एका क्वार्टरपेक्षा जास्त पितो. "द्राक्षाचा रस आहे, काही होत नाही" असं कोणी म्हणालं तर त्याला हा आकडा दाखवा. दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. त्यामुळे जो पीत नाही त्याने हे वाचून सुरू करावं, असं अजिबात नाही. घरात दारूपायी त्रास झालेला असेल तर तिकडे न वळणंच शहाणपणाचं.

चाखणं वेगळं आणि पिणं वेगळं. चाखायला एका वेळी 50 मिली खूप झाले, म्हणजे एका बाटलीत पंधरा जणांचं भागतं. ज्यांचा हा पेशा आहे ते तर तोंडात घोळवून थुंकून टाकतात. वायनरीच्या चाखण्याच्या खोलीत त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. थुंकायची लाज वाटून घेऊ नका.

खायचं द्राक्ष वेगळं, वाईनचं वेगळं

थॉमसन, सोनाका, शरद ही खायची द्राक्षं. मणी मोठा, गर भरपूर, साल पातळ, बी नाही. वाईनचं द्राक्ष याच्या उलट असतं. मणी लहान, साल जाड, आत बिया. रंग सालीतून येतो आणि तुरटपणा साल आणि बियांतून. म्हणून रेड वाईन करताना रस सालीसकट आंबवतात, व्हाईट करताना साल आधीच बाजूला काढतात.

साखरही जास्त लागते. रिफ्रॅक्टोमीटरवर 22 ते 24 ब्रिक्स आलं की वाईनचा माल काढणीला आला असं धरतात. एक लिटर रसात सुमारे 17 ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. 22 ब्रिक्सच्या मालाचे 12-13 टक्के कुठून येतात ते यातून कळतं. त्यासाठी वेलीवरचा भार मुद्दाम कमी ठेवावा लागतो, उतारा कमी मिळतो. भाव ठरवताना ही गोष्ट शेतकऱ्याने सोडायची नाही.

आपल्याकडे पांढऱ्यात शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यो ब्लाँ, लालमध्ये शिराज आणि कॅबरने सोव्हिन्यो या जाती जास्त दिसतात. नावं अवघड आहेत, पण तीस-चाळीस औषधांची इंग्रजी नावं पाठ असणाऱ्या बागायतदाराला ती जड जाऊ नयेत!

चाखायचं कसं?

स्टीलचा पेला नको, रंगच दिसत नाही. दांडीचा ग्लास असला तर उत्तम, नसला तर पाण्याचा साधा काचेचा ग्लास चालतो. एक तृतीयांशच भरा. पांढऱ्या कागदावर धरून रंग बघा, मग ग्लास हळूच गोल फिरवा आणि नाक आत घाला. खरी चव निम्म्याहून जास्त वासातच असते. सर्दी झाल्यावर जेवण बेचव लागतं, तसंच हे.

पुस्तकांत वास सांगताना ब्लॅककरंट, गूसबेरी अशी फळं येतात. आपण ती कधी खाल्लेली नसतात. माझ्या मते ती नावं सरळ सोडून द्यावीत. सोव्हिन्यो ब्लाँमध्ये पेरू, लिंबाचं साल, कधी कापलेल्या ढोबळी मिरचीचा वास सापडतो. ढोबळीची गोष्ट कल्पना नाही, मिरचीला जो वास देतो तोच घटक या द्राक्षातही असतो. कॅबरनेमध्येही तो येतो, माल पुरता पिकला नसेल तर जास्तच. शिराजमध्ये जांभूळ आणि काळी मिरी. लाकडी पिंपात ठेवलेल्या वाईनला व्हॅनिलाचा, थोडा धुराचा वास लागतो.

बिघडलेली वाईनही नाकानेच कळते. ओल्या पोत्याचा वास आला तर बुचातला दोष. कापून काळं पडलेल्या सफरचंदासारखा आला तर हवा लागलेली आहे. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशसारखा आला तर आंबट होऊन गेली.

मग छोटा घोट घ्या आणि तोंडात फिरवा. पाहायचं एवढंच की तोंडाला पाणी किती सुटतं (आंबटपणा), हिरड्या कितपत सुकतात (तुरटपणा), घशात गरम किती लागतं (अल्कोहोल) आणि चव किती वेळ मागे राहते. कच्चं केळं किंवा जांभूळ खाल्ल्यावर तोंड जसं खरखरीत होतं, तेच काम रेड वाईनमधलं टॅनिन करतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं.

आता जेवण

तिखटावर कडक रेड वाईन घेतली की तोंडाची आग वाढते. अल्कोहोलमुळे मिरची जास्त झोंबते आणि टॅनिन अजून खरखरीत लागतं. म्हणून काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर, ठेच्यावर कॅबरने नको. नाशिकची मिसळ सकाळची असते आणि सकाळी वाईन कोणी घेऊ नये. पण संध्याकाळी घरी मिसळ केली असेल तर किंचित गोडसर शेनिन ब्लाँ चांगली थंड करून घ्या. गोडीने तिखट शांत होतं, थंडपणाने जीभ मोकळी होते. पिठलं-भाकरीलाही माझ्या वहीत हीच पहिली आहे.

मटणाचं गणित वेगळं. चरबी आणि प्रथिनं टॅनिनला धरतात, तुरटपणा मवाळ होतो. मध्यम तिखट सुक्या मटणाला शिराज छान लागते, मिरीला मिरी भेटते. रस्सा जाळ असेल तर तीच शिराज कडू वाटेल. खानदेशी वांग्याच्या भरताला धुराचा वास असतो, त्यालाही शिराज जमते, फक्त भरतातली हिरवी मिरची जरा हात राखून घाला. वर शेंगदाणे असले तर आणखी बरं.

तळलेल्या मासळीला सोव्हिन्यो ब्लाँ. मासळीवर आपण लिंबू पिळतो, तिचा आंबटपणा तेच काम करतो. मासळीसोबत रेड घेऊन तोंडात लोखंडासारखी चव आली तर स्वयंपाकाला दोष देऊ नका. रेड वाईनमधलं लोह आणि माशातली चरबी मिळून ती चव तयार होते. सुकट-बोंबलावर तर रेड नकोच.

चिवडा, भजी, साबुदाणा वडा यांना बुडबुड्यांची स्पार्कलिंग वाईन. तेलकटपणा धुऊन निघतो आणि खारटपणामुळे वाईन गोलसर लागते. दिंडोरी तालुक्यात शॅन्डन ही फ्रेंच कंपनी अशीच वाईन बनवते. आमच्या घरी सगळ्यात जास्त मतं चिवडा आणि स्पार्कलिंगच्या जोडीला पडली होती.

पुरणपोळी आणि श्रीखंडावर साधी वाईन नुसती आंबट लागते. नियम एकच, वाईन पदार्थापेक्षा गोड हवी. त्यासाठी उशिरा काढणी केलेल्या द्राक्षांची 'लेट हार्वेस्ट' शेनिन मिळते. नाही मिळाली तर पुरणपोळी दुधा-तुपाबरोबरच बरी. ताक, कढी, दही यांच्या जोडीला मला आजवर कुठलीच वाईन पटलेली नाही.

शेतकऱ्याने का चाखावी?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी राजीव सामंत यांनी नाशिकजवळ वाईनच्या वेली लावल्या आणि 2000 साली सुलाची पहिली वाईन बाजारात आली. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क उभं राहिलं, बऱ्याच शेतकऱ्यांनी खायची बाग मोडून वाईनची लावली. 2008 नंतर मंदी आली, मागणी पडली, वायनऱ्या अडचणीत आल्या आणि अनेकांना तीच बाग उपटावी लागली. खायचं द्राक्ष निदान बाजार समितीत, रस्त्यावर, कुठेही विकता येतं. वाईनच्या द्राक्षाला वायनरीशिवाय गिऱ्हाईक नाही, हा या पिकाचा खरा धोका आहे.

2010 मध्ये 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाने नाव मिळालं, भावाची बोलणी मात्र दरवर्षी वायनरीच्या टेबलावरच होतात. तिथे वायनरीचा माणूस मालात तुरटपणा कच्चा आहे, वास उतरला नाही असं म्हणतो, तेव्हा तो काय म्हणतोय हे कळायला शेतकऱ्याला ती चव माहीत हवी. करार असलेल्या वायनरीला सरळ सांगा, आमच्या प्लॉटच्या मालाची वाईन आम्हाला चाखायला द्या. ही मागणी मला तरी अगदी रास्त वाटते.

घरी बाटली आणलीच तर

राज्यात दारू जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तो आधी काढा. 'वाईन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात बहुतेक फळ्या व्हिस्की-बिअरने भरलेल्या असतात, तेव्हा नेमकं नाव सांगून मागा. बाटली उन्हात किंवा फ्रिजवर उभी ठेवलेली असेल तर घेऊ नका. रेड वाईन "खोलीच्या तापमानाला" घ्यावी असं लिहिलेलं असतं, पण ते थंड देशातल्या खोलीचं. आपल्याकडे एप्रिलमध्ये घरात पस्तीस अंश असतात, म्हणून रेडही वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. व्हाईट दोन-तीन तास. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. त्यानंतर उरली तर मटण मुरवायला वापरा. वायनरी बघायला मोटारसायकलवर जाणार असाल, तर चालवणाऱ्याने घोट गिळायचा नाही, थुंकायचाच.