नाव त्यांचं, कोड आमचा!

विलीनीकरण म्हणजे काय, हे बीडकरांना वेगळं सांगायला नको. १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँक ऑफ हैदराबाद मोठ्या स्टेट बँकेत गेली. पाटी बदलली, ‘एसबीएचवाय’नं सुरू होणारा आयएफएससी ‘एसबीआयएन’चा झाला, आणि खातेदाराला कुणी काही विचारलं नाही. वेबसाइट आणि वेब ॲप बांधायला वापरतात त्या ओपन सोर्स फ्रेमवर्कचीही अशीच विलीनीकरणं होतात. फरक एवढाच, की तिथला खातेदार गप्प बसत नाही. कोडची अख्खी प्रत त्याच्याकडे असते. पटलं नाही की प्रत उचलायची आणि दुसऱ्या दिवशी नव्या नावानं चूल मांडायची! अशा लोकांना पुन्हा एका मांडवाखाली आणताना काय काय झालं, त्याचे हे मासले.

रेल्वेच्या आधी रेल्स

बीड शहरात अहिल्यानगरहून रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून. डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सननं ‘रूबी ऑन रेल्स’ हे फ्रेमवर्क जगासाठी खुलं केलं २००४ मध्ये. म्हणजे गाडीची वाट बघत एसटीनं पुण्याला गेलेल्या पोरांना हिंजवडीत रेल्स आधी भेटलं. रेल्स ज्या भाषेत लिहिलंय त्या रूबीवाल्यांची भारतातली परिषद तर २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन वर्षं पुण्यातच भरली होती.

या रेल्सला प्रतिस्पर्धी निघाला ‘मर्ब’. एझ्रा झिगमंटोविचनं २००६ मध्ये काढलेला. रेल्समध्ये बरंचसं आधीच ठरवून दिलेलं असायचं. मर्बवाल्यांचं म्हणणं असं, की डेटाबेसशी बोलणारं साधन कुठलं, टेम्प्लेट कुठलं, जावास्क्रिप्टची लायब्ररी कुठली, हे ज्याचं त्यानं ठरवावं. गाभा आटोपशीर हवा, वेग जास्त हवा. दोन्ही बाजूंनी यथेच्छ शाब्दिक चकमकी झाल्या. नोव्हेंबर २००८ मध्ये मर्बची १.० आवृत्ती वाजतगाजत आली, आणि २३ डिसेंबर २००८ ला दोन्ही गटांनी एकदमच जाहीर केलं: मर्ब आणि रेल्स एक होणार, आणि त्यातून रेल्स ३ घडणार. महिना-दीड महिन्यापूर्वी कौतुकानं मर्ब १.० वर नवं काम सुरू केलेल्यांचे चेहरे त्या दिवशी बघण्यासारखे झाले असणार.

१९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात बिनशर्त सामील झाला, हे आपल्याकडे अभिमानानं सांगतात आणि अनुशेषाची आठवण निघाली की जरा कुरकुरतही सांगतात. मर्बवाले बिनशर्त गेले नाहीत. रेल्सचे भाग सुटे करायचे, डेटाबेसचं साधन बदलता आलं पाहिजे, वेग वाढवायचा, आणि इतरांना प्लगइन लिहिताना ज्यावर विसंबता येईल असा ठरलेला सार्वजनिक एपीआय द्यायचा, हे सगळं पहिल्याच घोषणेत लिहून निघालं. मर्बचा येहुदा कॅट्झ रेल्सच्या कोअर टीममध्ये बसला. मला यातला शहाणपणा वाटतो तो हाच: शर्ती चारचौघांत मांडल्या आणि त्या पाळून घ्यायला आपला माणूस आत पाठवला.

मुदत मात्र हुकली. निदान बीटा तरी मे २००९ च्या रेल्स परिषदेपर्यंत द्यायचा बेत होता. बीटा आला फेब्रुवारी २०१० मध्ये आणि पक्की आवृत्ती २९ ऑगस्ट २०१० ला. रखडण्याची मक्तेदारी काही आपल्या रस्त्यांकडेच नाही.

मर्ब हे नाव आज नव्या पोरांना ठाऊकही नसतं. पण रेल्स शिकणारा कुणीही पहिल्याच दिवशी काळ्या खिडकीत ‘बंडल इन्स्टॉल’ टाइप करतो आणि ‘यूझिंग ॲक्टिव्हमॉडेल’, ‘यूझिंग रॅक’ अशा ओळी सरसर वर सरकताना बघत बसतो. ते बंडलर रेल्स ३ च्या काळात घडवलं ते कॅट्झ आणि कार्ल लर्ख यांनी, दोघेही मर्बच्या गोटातले. आणि ॲक्टिव्हमॉडेल हा सुटा भाग तर ‘डेटाबेसचं साधन बदलता आलं पाहिजे’ या शर्तीचंच फळ.

शून्यावरून थेट चारवर

सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडजेएसच्या आवृत्त्यांची यादी बघा: ०.१०, ०.१२ आणि मग एकदम ४.०. मधले एक, दोन, तीन गेले कुठे?

ते गेले होते घर सोडून. नोडचा ट्रेडमार्क जॉयंट या कंपनीकडे होता आणि नवी आवृत्ती काही केल्या निघत नव्हती. ०.१० मार्च २०१३ ची, पुढची ०.१२ थेट फेब्रुवारी २०१५ ची. कंटाळलेल्या मुख्य कार्यकर्त्यांनी डिसेंबर २०१४ मध्ये कोडची प्रत उचलली, तिला ‘आयओजेएस’ नाव दिलं आणि कुणा एका कंपनीच्या हाती लगाम राहणार नाही अशी कारभाराची पद्धत घालून दिली. जानेवारी २०१५ ला त्यांची १.०, मग २, मग ३. एवढ्या झपाट्यानं आवृत्त्या निघाल्यावर वाटाघाटी कुणाच्या बाजूला झुकणार, हे उघडच होतं. नोड फाउंडेशन स्थापन झालं, आयओजेएसची कारभाराची पद्धत मान्य झाली, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये एकत्र आवृत्ती निघाली ती ४.०. नाव नोडचं, आकडा आयओजेएसचा. रुसून गेलेली मंडळी नियम बदलून परत आली.

नोडची वस्ती आता आणखी मोठ्या छताखाली आहे. जेक्वेरी आणि डोजो या जावास्क्रिप्ट लायब्रऱ्यांची फाउंडेशनं आधीच एकमेकांत मिसळून जेएस फाउंडेशन झालं होतं; मार्च २०१९ मध्ये तेही नोडच्या फाउंडेशनशी जुळलं आणि ओपनजेएस फाउंडेशन तयार झालं.

एररमध्ये सापडणारं माहेर

जावावाल्यांचं ‘स्ट्रट्स’ एके काळी प्रत्येक मोठ्या कंपनीत असायचं. नोकरीच्या जाहिरातीत ‘स्ट्रट्स येणं आवश्यक’ ही ओळ ठरलेली. २००५ च्या अखेरीस ओपनसिम्फनी गटाचं ‘वेबवर्क’ त्यात विलीन करायचं ठरलं आणि फेब्रुवारी २००७ मध्ये स्ट्रट्स २ पक्कं झालं. गंमत अशी, की आतला कोड बहुतांश वेबवर्कचाच. जुन्या स्ट्रट्सवर हात बसलेल्यांना नावाच्या ओळखीवर विसंबून भलत्याच घरात शिरल्यासारखं झालं. पुरावा हवा? स्ट्रट्स २ वर चालणारं जुनं ॲप कोसळलं की पडद्यावर एररची लांबलचक पट्टी येते. त्यात ‘ओआरजी.अपाची.स्ट्रट्स२’च्या मध्येमध्ये ‘कॉम.ओपनसिम्फनी.एक्सवर्क२’ डोकावतं. बाहेरची पाटी बदलली, पण आतल्या डब्यांवरची नावं वर्षानुवर्षं तशीच राहिली.

सोबत ओजीएनएल ही छोटी भाषाही वेबवर्ककडूनच आली. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीवर हल्ला झाला, सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. हल्लेखोर शिरले ते स्ट्रट्स २ मधल्या एका भोकातून, ओजीएनएलच्याच वाटेनं. दुरुस्ती दोनेक महिने आधीच निघाली होती, ती बसवायची तेवढी राहून गेली!

पाटी एकाची, घर दुसऱ्याचं, तिसरंच नाव

पायथनच्या दुनियेत पायलन्स आणि रीपोझ.बीएफजी अशी दोन फ्रेमवर्क होती. रेडिटसारखी साइट पायलन्सवर चालायची. २०१० च्या शेवटी दोघं एकत्र आले आणि जानेवारी २०११ ला ‘पिरॅमिड’ १.० निघालं. कोड बीएफजीचा, संघटनेचं नाव ‘पायलन्स प्रोजेक्ट’, फ्रेमवर्कचं नाव दोघांचंही नाही. रुसवेफुगवे टाळायची ही रीत कागदावर झकास. पायलन्सवर साइट बांधून बसलेल्यांना मात्र जुन्याची डागडुजी चालू राहील, पण नवीन काही मिळणार नाही, एवढंच उत्तर मिळालं.

वर्षाच्या आत काडीमोड

सगळेच काही नांदले नाहीत. ड्यूरँडल या फ्रेमवर्कचा जनक रॉब आयझेनबर्ग २०१४ मध्ये गूगलच्या अँग्युलर टीमला जाऊन मिळाला. ड्यूरँडलचे वापरकर्ते अँग्युलर २ कडे डोळे लावून बसले. पण दिशा पटेना. त्याच वर्षी नोव्हेंबरात आयझेनबर्ग बाहेर पडला आणि जानेवारी २०१५ मध्ये स्वतःचं ‘ऑरेलिया’ घेऊन हजर!

मुंबईत उलटी गंगा

महाराष्ट्रात जन्मलेलं गाजलेलं ओपन सोर्स वेब फ्रेमवर्क म्हणजे फ्रॅपे. रुशभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, त्यातून ईआरपीनेक्स्ट आणि त्याखालचं हे फ्रेमवर्क उभं राहिलं. इथं गाडी उलटी गेली. हिशोब, पगार, दवाखाना, शाळा असं सगळं एकाच ईआरपीनेक्स्टमध्ये कोंबलेलं होतं, त्यातले बरेच भाग २०२२ च्या १४ व्या आवृत्तीत वेगळे केले. मनुष्यबळ आणि पगार यांचं स्वतंत्र ॲप झालं, दवाखाना आणि शिक्षण यांनीही आपापली बिऱ्हाडं हलवली. ज्याला ज्यात रस, त्यानं ते सांभाळावं. मर्बवाल्यांनी ‘भाग सुटे करा’ म्हणून रेल्सकडे जो हट्ट धरला होता, तो इथं घरच्याच मंडळींनी पुरवला.

नाव मोकळं झालं की...

ताजा मासला रेमिक्सचा. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीसाठी रिॲक्ट राउटर लिहिणाऱ्या रायन फ्लॉरेन्स आणि मायकेल जॅक्सन (गाणारा नव्हे) यांनीच रेमिक्स हे फ्रेमवर्कही केलं. २०२२ मध्ये ते शॉपिफायनं विकत घेतलं. दोन्ही प्रकल्पांतला फरक पुसट होत गेला, तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये रेमिक्स रिॲक्ट राउटर ७ मध्ये विरघळवून टाकलं. ‘रेमिक्स’ हे नाव मोकळं झालं, तर २०२५ मध्ये याच जोडीनं त्याच नावाखाली रेमिक्स ३ जाहीर केलं, आणि त्यात रिॲक्टच नाही! तेव्हा जुन्या रेमिक्सवरची साइट पुढे न्यायची असेल तर रिॲक्ट राउटर ७ मागा. रेमिक्स ३ मागितलंत, तर सगळं पहिल्यापासून लिहायची तयारी ठेवा.