अमेरिकन डॉज आणि कुर्ल्याचा कारखाना

चार दारांची, पक्क्या छपराची आणि कुटुंबास सोयीची जी मोटार तिला सेडान म्हणतात. तिला जोमदार इंजिन, घट्ट स्प्रिंगा आणि भरवशाचे ब्रेक यांची जोड मिळाली म्हणजे अमेरिकेत ती ‘स्पोर्ट सेडान’ ठरते. घरची सोय सोडावयाची नाही आणि धावेची हौसही दडपावयाची नाही, हा तिचा हेतू होय. अशा मोटारींच्या पूर्वजांत मोडणाऱ्या डॉज व प्लिमथ या गाड्या एके काळी मुंबईजवळ कुर्ल्यास तयार होत असत.

त्या कारखान्याचे जनक सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद. ढोकीवरून लातुरास गेलेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचे कंत्राट लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत घेऊन त्यांनी उद्योगात पाऊल टाकले. पुढे १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी संबंध जोडून १९४७ साली कुर्ल्यात मोटारी बनविण्यास आरंभ केला.

क्रायस्लरच्या गाड्यांचे मुख्य गुण तीन. पहिला ब्रेकचा. वॉल्टर क्रायस्लर यांनी १९२४ च्या आपल्या पहिल्या मोटारीतच चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक बसविले. बंद नळीतील तेल सर्व बाजूंस सारखाच दाब देते. म्हणून गाडी एका अंगास न ओढली जाता सरळ थांबते. दुसरा गुण शांतपणाचा. १९३१ पासून प्लिमथचे इंजिन रबरी आधारांवर बसविले जाऊ लागले, त्यामुळे इंजिनाची थरथर बैठकीपर्यंत पोहोचेनाशी झाली. तिसरा गुण साधेपणाचा. सहा सिलिंडरांच्या त्या इंजिनात झडपा सिलिंडरच्या माथ्यावर नसून कडेस असत. भाग थोडे, म्हणून बिघाड थोडा. आणि हलके पेट्रोलही त्यास चालत असे.

परंतु याच रचनेत एक उणीव होती. कडेच्या झडपांमुळे वायूस वळण घेऊन आत-बाहेर जावे लागे व बरीच उष्णता वाया जाई. सुमारे साडेतीन लिटरचे हे इंजिन ९५ च्या आसपास अश्वशक्ती देई; पण पेट्रोलही त्याच मानाने पिई. अमेरिकेत मध्यम गणली जाणारी गाडी हिंदुस्थानातील मध्यम वर्गास परवडणारी नव्हती.

दुसरा प्रश्न सरकारी धोरणाचा होता. बाहेरचे सुटे भाग येथे नुसते जोडणे म्हणजे स्वदेशी उद्योग नव्हे, असे टॅरिफ कमिशनने १९५३ साली ठरविले. १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ साली हे काम बंद केले. प्रीमियर मात्र टिकली, कारण १९५१ साली तिने इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून छोट्या गाडीचा मार्ग धरला होता. सुमारे अकराशे घन सेंटिमीटर इंजिनाच्या त्या फियाटचीच पुढे ‘पद्मिनी’ झाली आणि २०२३ सालापर्यंत ती मुंबईत टॅक्सी म्हणून धावली.

डॉज वाईट नव्हती. ती दुसऱ्या देशाच्या रस्त्यांसाठी आणि दुसऱ्या खिशासाठी घडविलेली होती. यंत्र घेताना त्याची शक्ती जितकी पाहावी, तितकाच त्याचा रोजचा खर्चही पाहावा, हे या इतिहासाचे सार होय.