रेडिंगमध्ये आहे काय?

सगळ्यात आधी उच्चार. स्पेलिंग बघून ‘रीडिंग’ म्हणालात की समोरचा लगेच ओळखतो, पाहुणा नवा आहे! गावाचं नाव ‘रेडिंग’. लंडनच्या पश्चिमेला, पॅडिंग्टनहून फास्ट ट्रेनने जेमतेम अर्ध्या तासावर. आपल्या आयटीवाल्यांमध्ये हे नाव फेमस. कुणाचा तरी मित्र, कुणाची तरी वहिनी तिथे ऑनसाइट असतेच. मीही आठ महिने होते. निघताना ऑफिसमध्ये सगळे म्हणाले, “लकी आहेस यार, लंडन!” लंडन कसलं? रेडिंग म्हणजे लंडनवाल्यांच्या दृष्टीने ट्रेन बदलायचं स्टेशन.

पहिले तीन महिने माझा वीकेंड ठरलेला होता. शनिवारी कपड्यांचं मशीन, रविवारी आठवड्याच्या राजम्याचे डबे. बाहेर पडायचं म्हटलं की डोक्यात कॅलक्युलेटर सुरू. पौंडाला शंभरने गुणा. चार पौंडांची कॉफी? बापरे, चारशे! पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता डोळ्यांसमोर नाचायचा आणि मी गुपचूप खोलीवर परत.

रविवारी घरी फोन. अण्णा उचलायचे आणि विचारायचे, “काय बघितलंस गं या आठवड्यात?”
“काही नाही अण्णा. इथं बघण्यासारखं काही नाही.”
“बरं. घे, आईशी बोल.”
संपला आमचा संवाद. दोन मिनिटं, फार तर अडीच.

खरं तर अण्णा आणि आई जूनमध्ये माझ्याकडे येणार होते. पासपोर्ट काढून झाले होते. अण्णांनी आयुष्यभर सांगोल्यात जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्यात नोकरी केली, त्यामुळे विमान हा विषय घरात नवाच होता. पण एप्रिलमध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि येणं रद्द. मी रडले. ते मात्र शांतपणे म्हणाले, “आम्हाला आता जमायचं नाही. निदान तू तरी बघ. आणि बघून नीट सांग.”

त्या दिवशी मी एक नियम केला. दर शनिवारी बाहेर पडायचं. प्रवास तासाभराचा, खर्च वीस पौंडांच्या आत. आणि रविवारी अण्णांना सांगायला काहीतरी हवंच!

घरापासून सुरुवात

पहिला शनिवार गावातच. मॉलमध्ये तर सगळेच जातात. त्याचं नाव ‘ओरॅकल’. मला वाटायचं, आपल्या डेटाबेसवाल्या कंपनीचाच असणार. छे! १७व्या शतकात तिथे याच नावाचा कापडाचा कारखाना होता, गरिबांना काम मिळावं म्हणून एका व्यापाऱ्याने ठेवलेल्या पैशांतून उभा राहिलेला. मॉलने ते नाव घेतलं.

मॉलपासून दहा मिनिटांवर रेडिंग अॅबेचे अवशेष आहेत. राजा पहिला हेन्री याने ११२१ मध्ये हा मठ बांधायला घेतला आणि ११३६ मध्ये त्याला इथेच पुरलं. पुढे आठव्या हेन्रीने देशभरातले मठ मोडीत काढले, त्यात १५३९ मध्ये हाही गेला. आता उरल्यात गारगोटीच्या उंचच उंच, ओबडधोबड भिंती. दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये त्या लोकांसाठी पुन्हा खुल्या झाल्या. तिकीट शून्य! शेजारीच जुना तुरुंग. ऑस्कर वाइल्ड १८९५ ते १८९७ या काळात इथे कैदेत होता. तुरुंग २०१३ मध्ये बंद झाला. २०२१ मध्ये बँक्सीने त्याच्या भिंतीवर एक चित्र काढलं, चादरींच्या दोरावरून खाली उतरणाऱ्या कैद्याचं. दोराच्या टोकाला टाइपरायटर!

टाउन हॉलमधलं म्युझियमही फुकट. तिथे प्रसिद्ध बायो टॅपेस्ट्रीची हुबेहूब प्रतिकृती आहे, सुमारे ७० मीटर लांब. स्टॅफर्डशरमधल्या लीक गावच्या ३५ बायकांनी १८८५-८६ मध्ये ती भरतकाम करून केली. आणि हो, बिस्किटांचं दालन चुकवू नका. हंटली अँड पामर्स ही जगप्रसिद्ध बिस्किटं इथलीच. कंपनी १८२२ ची. तिचे रंगीत पत्र्याचे डबे जगभर गेले.

सिंह आणि एक प्रश्न

अॅबेला लागून फोर्बरी गार्डन्स आहे. मध्यभागी १६ टनांचा ओतीव लोखंडाचा सिंह. लंच टाइममध्ये त्याच्या पायाशी सँडविच खाणारी मंडळी बसलेली असतात. हा ‘मायवंद लायन’. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मायवंदला लढाई झाली आणि ब्रिटिशांचा सपाटून पराभव झाला. तिथे पडलेल्या ६६व्या बर्कशर रेजिमेंटच्या जवानांची नावं चौथऱ्यावर आहेत. शेरलॉक होम्सचे डॉक्टर वॉटसन आठवतात? त्यांना गोळी लागते ती याच लढाईत.

घरी येऊन वाचलं तर त्या लढाईत बॉम्बे ग्रेनेडियर्स होते, बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री होती, घोडदळही होतं. म्हणजे आपल्याकडच्या फौजेतले शिपाई. रविवारी अण्णांना सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, “मग त्यांची नावं कुठं आहेत?”
पुतळा बर्कशरच्या रेजिमेंटचा, त्यामुळे नावं त्यांचीच. मी तेवढंच सांगू शकले. पण त्या दिवशी फोन लगेच आईकडे गेला नाही.

नदीच्या काठाकाठाने

रेडिंगमध्ये केनेट नदी थेम्सला मिळते. तिथून थेम्सच्या काठाने चालत सॉनिंगला जाता येतं. साधारण तीन मैल, वाट सपाट, स्पोर्ट्स शूज पुरेत. वाटेत लांबट होड्या, त्यांच्या टपावर फुलांच्या कुंड्या, हंस आणि ‘मॉर्निंग’ म्हणणारे आजी-आजोबा. सॉनिंगचं लॉक गाठलं की बसकण मारायची. होडी आत येते, दरवाजे बंद होतात, पाण्याची पातळी हळूहळू बदलते, मग पुढचे दरवाजे उघडतात. मी दोन तास हेच बघत बसले! जेरोम के. जेरोमच्या १८८९ मधल्या ‘थ्री मेन इन अ बोट’मध्ये सॉनिंगचं भरभरून कौतुक आहे. रेडिंगला मात्र त्याने चांगलंच झोडपलंय.

अण्णांना लॉक समजावून सांगताना माझी दमछाक झाली. शेवटी चित्र काढून फोटो पाठवला. पाणीपुरवठ्यातला माणूस, पाच मिनिटांत उलट फोन. “कळलं. मोटर लागतच नाही. पाणी आपल्या वजनानं उतरतंय.”

रिकामं शहर

सिल्चेस्टरला मी आणि माझी नाशिकची रूममेट गेलो. रेडिंगहून लोकल ट्रेनने मॉर्टिमर स्टेशन, तिथून शेतांतून तासा-सव्वातासाची चाल. इथे रोमन काळात ‘कॅलेव्हा अॅट्रेबॅटम’ नावाचं भरलेलं शहर होतं. पुढे लोक निघून गेले आणि इतर रोमन शहरांसारखं इथे नवं शहर वसलंच नाही. आज उरलीय ती दगडी तटबंदी, अख्खी, सुमारे दीड मैलाचा वेढा. आत काय? गवत, गाई आणि कोपऱ्यात एक जुनं चर्च. तटाबाहेर झाडीत लपलेलं गोल अँफिथिएटर. तिथे आम्ही दोघींनी डब्यातल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. तेवढ्यात पाऊस आला. छत्री एकच होती. मजा आली!

आणि ती विहीर

स्टोक रो हे गाव रेडिंगच्या उत्तरेला, चिल्टर्नच्या टेकड्यांत. माझ्या टीम लीडने सहज सांगितलं, “तिकडे एक इंडियन विहीर आहे.” मला वाटलं, रेस्टॉरंटचं नाव असेल. तिघींनी टॅक्सी केली. या एका दिवशी वीस पौंडांचा नियम मोडला.

गावातल्या रस्त्याच्या कडेला खांबांवर उभा असलेला एक घुमट. खाली विहिरीचं यंत्र, त्यावर सोनेरी हत्ती. ही ‘महाराजाज वेल’.

गोष्ट अशी. या टेकड्या खडूच्या दगडाच्या, पाऊस पडला की पाणी सरळ खाली मुरतं. पूर्वी इथले लोक डबक्यांतलं पाणी प्यायचे. एडवर्ड अँडरडन रीड हा याच भागातला माणूस हिंदुस्थानात ब्रिटिश अधिकारी होता. तिथेही त्याने एक विहीर खणून घेतली होती. आपल्या गावाकडे घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून एका पोराला मार कसा बसला, हे त्याने बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितलं होतं. महाराजांनी ते लक्षात ठेवलं आणि स्वखर्चाने इथे विहीर बांधून दिली. २४ मे १८६४ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. पाणी सगळ्यांना फुकट. खोली ३६८ फूट, रुंदी जेमतेम ४ फूट, सगळी हाताने खोदलेली. साधारण ३५ मजल्यांची इमारत जमिनीत उलटी! देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावली होती.

मी रविवारपर्यंत थांबले नाही. तिथूनच व्हिडिओ कॉल केला. रेंज येत-जात होती.
“किती फूट म्हणालीस?”
“तीनशे अडुसष्ट.”
पलीकडे शांतता. मग, “म्हणजे साठ परसाच्या वर. हातानं! आत हवा कशी खेळती ठेवली असेल?... आणि बाग लावली होय खर्चाला? डोकं आहे राजाला.” मग आईला हाक, “अगं इकडे ये, बघ पोरगी कुठं उभी आहे.”
थोड्या वेळाने म्हणाले, “नुसतं ऐकून विहीर दिली त्यानं.”

त्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटं बोललो. लहानपणी ते बैलांच्या मोटेवर बसायचे, ७२ च्या दुष्काळात त्यांची आई कुठून पाणी आणायची, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मीही कधी विचारलं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये मी परत आले. शेवटच्या रविवारी अण्णांनी विचारलं, “पुढच्या शनिवारी कुठं?”
“पुढच्या शनिवारी घरी, अण्णा.”
“मग इथलं तरी तू काय बघितलंयस?” ते म्हणाले. “ये. फिरवतो.”

जाणार असाल तर...

• रेलकार्ड काढाच. बऱ्याच तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. दोघांनी मिळून काढायचंही कार्ड असतं.
• अॅबे, म्युझियम, सिल्चेस्टर, विहीर, सगळीकडे प्रवेश फुकट. म्युझियमच्या वेळा मात्र आधी बघून घ्या.
• खेडेगावांत बस कमी. परतीची वेळ बघितल्याशिवाय निघू नका.
• ‘पब्लिक फूटपाथ’ची पाटी असेल तर शेतातून बिनधास्त चाला. फाटक उघडलंत तर आठवणीने लावा.
• विंडसर आणि ऑक्सफर्ड जवळच आहेत, ते होतीलच. पण एक तरी शनिवार न गाजलेल्या जागेसाठी ठेवा.
• आणि रविवारी घरी फोन करा. “काही नाही” म्हणू नका!