जखमी जवान घरी आला, म्हणजे उपचार संपले का?

पाठीच्या कण्याला गोळी लागलेला जवान लष्करी रुग्णालयातून परभणी जिल्ह्यात जिंतूर-पाथरीकडच्या आपल्या गावी परतला, की लोक म्हणतात, ‘वाचला, आता पेन्शन आहे.’ हा सर्वांत घातक गैरसमज. मज्जारज्जूला मार बसला की त्याखालच्या अंगाची संवेदना जाते. एकाच कुशीवर पडून कातडी मरू लागली तरी त्या माणसाला कळत नाही. म्हणून अंथरुणावर असलेल्याची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदलावी लागते. लघवीच्या नळीची स्वच्छता राहिली नाही, तर जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचतो. आणि परभणीचा उन्हाळा! दुखापत मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर त्याखाली पुरेसा घाम येत नाही. पारा ४२ च्या पुढे गेल्यावर पत्र्याच्या खोलीत अशा माणसाच्या अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच नसते. सावलीची खोली, पंखा, ओल्या फडक्याने अंग पुसणं हे त्याच्यासाठी औषधाइतकंच गरजेचं. हे सारं बहुधा आई किंवा बायको करते, आणि तिला कुणी शिकवलेलं नसतं. मला हीच उणीव सर्वांत मोठी वाटते.

कृत्रिम पाय एकदा बसवला की काम झालं, हेही खरं नाही. उरलेला पाय काही महिन्यांत आक्रसतो, तो ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा सॉकेट सैल होतो, जखमा होतात. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये १९४४ पासून हे काम चालतं. तिथे पुन्हा पुन्हा जावं लागतं.

खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये राहायला पाठवणं म्हणजे माणसाला टाकून देणं, असं काही घरांना वाटतं. १९७४ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेले सैनिक राहतात, काम शिकतात, खेळतात. हे केंद्र सुरू होण्याआधीच, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या सांगली जिल्ह्याच्या मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. प्रत्येकाने पदक आणावं अशी अपेक्षा मात्र जखमी माणसावर लादू नये. स्वतः व्हीलचेअरवर बसता येणं हीसुद्धा कमाईच आहे.

‘युद्धात जखमी झाला नाही, मग त्याला काय मिळणार?’ असंही विचारतात. दहशतवाद्यांशी चकमक, सीमेवरचा गोळीबार, सुरुंग पेरताना किंवा काढताना झालेला स्फोट यांतल्या जखमांनाही वॉर इंज्युरी पेन्शन लागू होते. त्यासाठी युद्ध जाहीर झालेलं असावं लागत नाही. सेवेमुळे आलेल्या इतर अपंगत्वाला डिसॅबिलिटी पेन्शन आहे. शंभर टक्के अपंगत्व असेल आणि मेडिकल बोर्डाने शिफारस केली, तर सतत सोबत लागणाऱ्या माणसासाठी वेगळा भत्ता मिळतो. घरचीच बाई सेवा करते म्हणून तो मागायचा नसतो, असा समज करून घेऊ नये.

हे सगळं आपोआप मात्र होत नाही. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ पासून आहे, पण कार्ड काढावं लागतं. परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज करता येतात. सेवेतून गेल्यावर अपघाताने अपंगत्व आलेल्या माजी सैनिकालाही स्कूटरसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत आहे. कार्यालयात जाताना पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर), डिस्चार्ज बुक आणि मेडिकल बोर्डाच्या अहवालाची प्रत सोबत न्यावी. पुढे अपंगत्व वाढलं आणि पुन्हा तपासणी मागायची वेळ आली, तर तुलना याच अहवालाशी होते; त्यामुळे मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नये.