विश्लेषण : घरच्या सुतारमेटातली न दिसणारी धूळ किती घातक?

गारगोटी आणि भुदरगड तालुक्यातल्या गावांत सुतारकाम अनेक ठिकाणी घराला लागूनच चालते. परड्यात पत्र्याची शेड, नाहीतर सोप्याच्या कडेला आडोसा. नांगर, कुळव आणि बैलगाडीची कामे कमी झाली. त्यांच्या जागी दारे, देवघरे, प्लायवूडची कपाटे आणि किचन ट्रॉल्या आल्या. हत्यारेही बदलली. वाकस, पटाशी, रंधा मागे पडून कटर, ग्राइंडर, राउटर आणि सँडर पुढे आले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यांपैकी एक. योजनेत अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाऊचर मिळते. शिवाय ५ टक्के व्याजाने आधी एक लाख आणि नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. यंत्र घेण्याचा हिशेब प्रत्येक जण करतो. त्या यंत्राच्या धुळीचा हिशेब मात्र कुणाच्या यादीत नसतो.

यंत्रामुळे काय बदलले?

रंधा मारला की ढलप्या निघतात आणि पायाशी पडतात. हातकरवतीचा भुसाही जाड असतो, झाडून गोळा करता येतो. सँडर किंवा पॉलिश पेपरची चकती लावलेला ग्राइंडर लाकडाचे पीठ करतो. ढिगाने पडलेला भुसा डोळ्यांना दिसतो म्हणून त्याचीच भीती वाटते, पण फुप्फुसाला त्याचा त्रास कमीच. खरा प्रश्न आहे तो या पिठातल्या सर्वांत बारीक भागाचा.

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १०० मायक्रॉनपर्यंतचे कण श्वासाबरोबर नाकातोंडात जाऊ शकतात. मोठे कण नाकात अडकतात, शिंकरले की काळपट-तपकिरी शेंबडातून बाहेर येतात. १० मायक्रॉनच्या आतले कण घशाखाली उतरतात. चार मायक्रॉनच्या आसपासचे आणि त्याहून बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथून त्यांना बाहेर काढायला खोकला पुरत नाही.

हे कण खाली बसायला किती वेळ घेतात हेही पाहण्यासारखे आहे. वारा नसेल तर १० मायक्रॉनचा कण नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला आठ-दहा मिनिटे घेतो. एक मायक्रॉनच्या कणाला त्यासाठी जवळपास १२ तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला मशीन बंद केले, तरी रात्री जेवणे आटोपेपर्यंत शेडमधली हवा साफ झालेली नसते. तिथेच मुले अभ्यासाला बसली किंवा कुणी खाट टाकली, तर ती धूळ त्यांच्याही छातीत जाते. घराला लागून असलेल्या कामाचा हा सर्वांत मोठा धोका आहे. कारखान्यातला कामगार निदान घरी गेल्यावर तरी स्वच्छ हवा घेतो.

कर्करोगाचा धोका खरा आहे का?

आहे, पण तो नीट समजून घ्यायला हवा. याचा ठळक पुरावा पुढे आला तो इंग्लंडमधल्या हाय विकम भागातून. हा भाग खुर्च्या आणि फर्निचरसाठी प्रसिद्ध. १९६०च्या दशकात तिथल्या कान-नाक-घसा शल्यचिकित्सक एस्मे हॅडफिल्ड यांना नाकातल्या एका दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त दिसू लागले, आणि त्यांत फर्निचर कारागीर बरेच होते. १९६८ मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली. माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींचा हा गट आहे.

हा कर्करोग मुख्यतः नाकाच्या पोकळीचा आणि बाजूच्या सायनसचा. तो दुर्मीळ आहे आणि धुळीत वर्षानुवर्षे काम केल्यावर दिसतो. सुतारांच्या रोजच्या जगण्यात त्याहून जास्त आढळतात ते दमा, जुनाट खोकला, सतत वाहणारे नाक आणि डोळ्यांची जळजळ. इशारा देताना कर्करोगाचेच नाव पुढे केले जाते आणि दम्याकडे दुर्लक्ष होते, हे बरोबर नाही. दम्याने माणूस ऐन कमावत्या वयात काम सोडतो.

या अभ्यासांत ‘हार्डवूड’वर जास्त बोट ठेवलेले असते. हा शब्द कठीण लाकडासाठी नसून रुंद पानांच्या झाडांच्या लाकडासाठी आहे. त्यामुळे सागवान, शिसव, फणस, किंजळच काय, मऊ आंबाही त्यात येतो. सागवान आणि शिसवीत त्वचेला खाज आणणारी नैसर्गिक रसायने असतात, हे जुन्या सुतारांना अनुभवाने ठाऊक असतेच. एमडीएफ आणि प्लायवूडमध्ये फॉर्मल्डिहाइडवर आधारित डिंक असतो आणि एमडीएफची धूळ साध्या लाकडापेक्षा बारीक उडते. जुन्या घराचे रंगवलेले दार घासून नवे करताना आणखी एक भर पडते. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. असे दार कोरडे घासू नये.

किती धूळ म्हणजे जास्त?

ब्रिटनमध्ये हार्डवूडच्या धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने एका घनमीटर हवेत तीन मिलिग्रॅम आहे. युरोपीय संघात जानेवारी २०२३ पासून ती दोन मिलिग्रॅम आहे. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची शेड घेतली तर तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. युरोपच्या मर्यादेत त्या सगळ्या हवेत मिळून ७० मिलिग्रॅमच्या आत धूळ असायला हवी. एक चिमूट मीठ याच्या चार-पाच पट भरते. घासकाम सुरू झाले की बंद शेडमध्ये ही मर्यादा ओलांडायला फार वेळ लागत नाही.

आपल्याकडे १९४८च्या कारखाने कायद्याची मूळ व्याख्या वीज वापरणाऱ्या किमान १० कामगारांच्या ठिकाणी लागू होत असे. बाप-लेक आणि एक मदतनीस चालवतात ती शेड त्यात कधीच नव्हती. तिथली हवा मोजायला कोणी येणार नाही. गारगोटीत आयसीआरईसारखे ग्रामीण अभियांत्रिकीचे तंत्रनिकेतन आहे. स्वस्त धूलिकण सेन्सर घेऊन जवळच्या चार सुतारमेटांतली हवा मोजणे हा विद्यार्थ्यांसाठी प्रकल्पाचा उत्तम विषय ठरेल.

मग करायचे काय?

मास्कपासून सुरुवात होते, तिथेच चूक होते. पहिला उपाय धूळ उडते तिथेच ओढून घेणे हा आहे. ऑर्बिटल सँडरला धूळ बाहेर टाकणारे तोंड असते, त्याला व्हॅक्यूमचा पाइप जोडता येतो. ग्राइंडरला सहसा तशी सोय नसते आणि तो धूळ चौफेर फेकतो. त्यामुळे घासण्यासाठी ग्राइंडर वापरण्याची सवय मोडली, तरी निम्मे काम होईल असे वाटते. व्हॅक्यूम घेताना हेपा फिल्टर आहे का ते पाहावे. साधा घरगुती व्हॅक्यूम जाड भुसा पिशवीत ठेवतो आणि नेमकी बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा हवेत सोडतो. मध्ये सायक्लोन झाकणाचा एक डबा जोडला तर जाड भुसा आधीच खाली पडतो आणि महागडा फिल्टर लवकर तुंबत नाही. कर्ज काढून यंत्र घ्यायचेच असेल, तर व्हॅक्यूमची किंमत यंत्राच्या किमतीत धरूनच बघावी.

दुसरा उपाय हवेचा. एका भिंतीला एक्झॉस्ट पंखा आणि समोरच्या भिंतीला खिडकी हवी. वारा पाठीमागून येऊन कामावरून पुढे बाहेर जाईल असे उभे राहावे. पंख्याचे तोंड स्वयंपाकघराच्या किंवा शेजाऱ्याच्या खिडकीकडे नसावे. भुदरगडच्या पावसात चार महिने शटर ओढून काम करावे लागते, तेव्हा हे जास्त गरजेचे. छताचा पंखा या कामाचा नाही, तो बसलेली धूळ पुन्हा उठवतो. कोरड्या झाडूचे आणि ब्लोअरचेही तसेच. ओल्या फडक्याने पुसावे किंवा व्हॅक्यूमने ओढावे.

मास्क त्यानंतर. रुमाल, गमछा आणि कापडी मास्क बारीक धुळीला जवळपास अडवत नाहीत, कारण हवा कडेने आत शिरते. एन-९५ किंवा आयएस ९४७३ मानकाचा एफएफपी-२ मास्क हवा. नाकावरची पट्टी दाबून, दोन्ही पट्टे डोक्यामागे घेऊन तो चेहऱ्याला चिकटला पाहिजे. दाढी वाढलेली असेल तर तो नीट बसत नाही. श्वास जड जाऊ लागला की बदलावा. मशीन बंद केल्यावर मास्क लगेच उतरवू नये, एक्झॉस्ट अर्धा तास तरी चालू ठेवून मगच काढावा. पॉलिश, लॅकर आणि थिनरच्या वाफेसाठी हा मास्क चालत नाही. त्याला कोळशाच्या काडतुसाचा वेगळा मास्क लागतो.

भुशाचे काय करावे?

साध्या लाकडाचा कोरडा भुसा गोठ्यात अंथरायला चालतो. ओला होऊन बुरशी आलेला भुसा हलवणे धोक्याचे. कोल्हापूरच्या साखरपट्ट्याला हा प्रकार नवा नाही. बुरशी आलेल्या बगॅसच्या धुळीने होणारा ‘बगॅसोसिस’ हा फुप्फुसाचा आजार त्याच जातीचा आहे. प्लायवूड आणि एमडीएफचे तुकडे किंवा भुसा आंघोळीच्या पाण्याच्या बंबात किंवा चुलीत घालू नये, त्यांच्या धुरात डिंकाची रसायने असतात. बारीक धूळ साचलेल्या शेडमध्ये बिडी पेटवू नये आणि ग्राइंडरवर लोखंड घासू नये. उडती धूळ ठिणगीने पेट घेते.

कामाचे कपडे घरात झटकू नयेत, वेगळे धुवावेत.

डॉक्टरांकडे कधी जावे?

रात्रीचा खोकला, छातीत घरघर, चालताना धाप लागणे ही ठळक लक्षणे. त्यांहून उपयोगी खूण म्हणजे सुट्टीत किंवा पाहुण्यांकडे गेल्यावर बरे वाटणे आणि कामाला लागताच त्रास परतणे. हे घडत असेल तर ते कामाशी जोडलेल्या दम्याचे लक्षण असू शकते. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येणे किंवा एकच बाजू कायम चोंदलेली राहणे, हे मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवावे. छातीच्या तक्रारीसाठी स्पायरोमेट्री करून घ्यावी. नळीत जोराने फुंकायची ही तपासणी काही मिनिटांची असते. केसपेपरवर वय आणि पत्त्याच्या शेजारी धंदा लिहायला सांगावे. कुठले लाकूड, कुठले यंत्र, किती वर्षे, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगावे.