बेताचा वेग आणि स्विंग

सिल्लोडसारख्या गावात रविवारी मैदानावर उतरणाऱ्या तरुणांत एक समजूत हमखास आढळते : स्विंग हवा तर चेंडू जोरात टाकला पाहिजे. मग बेताच्या वेगाचा एखादा चांगला गोलंदाज धाव लांबवतो, खांदा झोकून देतो. चार सामन्यांत त्याचा स्विंग तर जातोच, वर पाठ धरते ती वेगळीच.

आता मुळात चेंडू हवेत वळतो कसा, ते बघा. शिवण थोडी तिरकी ठेवून चेंडू सोडला, की शिवणीच्या बाजूची चेंडूलगतची हवा खवळते. खवळलेली हवा चेंडूला अधिक काळ चिकटून राहते. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूची लवकर सुटते. त्यामुळे चेंडू शिवणीच्या रोखाने ढकलला जातो. रबी मेहता या शास्त्रज्ञाने १९८५ साली अशा प्रयोगांचा आढावा घेतला. शिवण सुमारे २० अंश तिरकी असताना हा रेटा ताशी ११० किलोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त भरतो. वेग त्यापुढे गेला की तो घटू लागतो. शिवाय ताशी १३५ किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आतच फलंदाजापाशी पोचतो, ९०चा सुमारे ०.७ सेकंद घेतो. वळायला तेवढीच जास्त सवड!

मग अडते कुठे? मनगटात. तर्जनी आणि मधले बोट शिवणीच्या दोन्ही अंगांना, अंगठा खाली शिवणीवर, आणि चेंडू व तळवा यांत फट. चेंडू सुटताना बोटे त्याच्या पाठीवरून सरळ खाली ओढली गेली पाहिजेत. त्या उलट्या फिरकीने शिवण हवेत डळमळत नाही. मनगट कलले, की शिवण लडबडते आणि मग चेंडू कितीही घासून चकचकीत करा, उपयोग नाही. (थुंकी लावायला तर २०२२पासून कायमची बंदीच आहे, घाम चालतो.) एका जुन्या चेंडूचा अर्धा भाग पांढरा रंगवा आणि मित्राला यष्टींमागे उभे करा. दोन रंगांमधली रेघ त्याला स्वच्छ दिसली तर मनगट बरोबर. एका बाजूला चिकटपट्टी लावलेला टेनिसचा चेंडू वळवणारी मुले इथेच फसतात. तिथे काम पट्टी करते, मनगट शिकत नाही.

ढगाळ हवेचे कौतुक सगळेच करतात. पण दमट हवेने स्विंग वाढतो, याला प्रयोगांत पक्का आधार मिळालेला नाही. तेव्हा आपल्या कोरड्या उन्हाला बोल लावू नये.

पुण्याचे वसंत रांजणे मध्यमगती गोलंदाज. १९५६-५७च्या मोसमात सौराष्ट्राविरुद्ध रणजी पदार्पणातच त्यांनी एका डावात ३५ धावांत ९ बळी घेतले, त्यांत हॅटट्रिकही होती. पुढे ते सात कसोटी सामने खेळले.

राहिला टप्पा. आखूड चेंडू टाकला तर हळू गोलंदाजाला फलंदाज मागे सरून आरामात खेळतो. चेंडू पुढे, ड्राइव्हचा मोह होईल असा पडू द्यावा. एखादा चौकार गेला तरी चालेल. फलंदाज क्रीज सोडून पुढे येऊन स्विंग मोडू लागला, तर यष्टिरक्षकाला खुशाल यष्टींना चिकटून उभे करावे. वेगवान गोलंदाजाला ही चैन सहसा परवडत नाही.