डेट्रॉइटची नावडती लीग

1984 च्या अखेरीला ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’चा 233 वा अंक हातात पडला, तेव्हा नेहमीच्या वाचकाला पहिला प्रश्न पडला असणार: आपली माणसं गेली कुठे? 1960 पासून ही लीग म्हणजे डीसी कॉमिक्सचं मानाचं पान. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, फ्लॅश, ग्रीन लँटर्न एका टेबलाभोवती बसलेले पाहायला मिळावेत, म्हणून तर पोरं खिशातले पैसे मोजत. आता त्यांतलं कुणीच नव्हतं. मंगळवासीयांच्या हल्ल्याच्या वेळी बडे सदस्य हजर नव्हते, म्हणून संतापलेल्या अ‍ॅक्वामॅनने जुनी लीग बरखास्त केली होती. पूर्ण वेळ देणार असाल तरच या, ही त्याची नवी अट.

अट मान्य करून आले ते बरीच वर्षं बेपत्ता असलेला मार्शियन मॅनहंटर, जादूगार झटाना आणि इलाँगेटेड मॅन. त्यांच्या जोडीला चार नवखे: व्हिक्सन, स्टील, जिप्सी आणि व्हाइब. ठाणंही अंतराळातल्या उपग्रहावरून खाली आलं ते थेट डेट्रॉइटमध्ये, मोटारींच्या कारखान्यांच्या आणि हातच्या गेलेल्या नोकऱ्यांच्या शहरात.

लेखक जेरी कॉनवे 1978 पासून ही मालिका लिहीत होते, चित्रं चक पॅटन यांची. कॉनवेंची अडचण खरी होती. सुपरमॅन किंवा फ्लॅशच्या आयुष्यात काय घडायचं, ते त्यांच्या स्वतंत्र मालिकांत ठरे. लीगच्या लेखकाला त्यांचा केसही वाकडा करता येत नसे. तिकडे 1980 पासून ‘न्यू टीन टायटन्स’ आणि मार्व्हलचे ‘एक्स-मेन’ तरुण, भांडखोर, बदलत जाणाऱ्या पात्रांच्या जोरावर धावत होते. तसंच इथे का नको, हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही.

पण एक्स-मेनची गोष्ट वेगळी होती. 1970 ते 1975 त्या मालिकेत जुन्याच कथा पुन्हा छापल्या जात होत्या. नवी टोळी आली तेव्हा तिने कुणाची खुर्ची घेतली नाही. घर रिकामंच होतं. लीगचं घर भरलेलं होतं. 1965 मध्ये मार्व्हलच्याच ‘अ‍ॅव्हेंजर्स’चे संस्थापक बाहेर पडले, तेव्हा निदान कॅप्टन अमेरिका तरी नव्या तिघांच्या पाठीशी उभा होता. डेट्रॉइटमध्ये त्या वजनाचं कुणीच नव्हतं, म्हणून वाचकांचा राग मला समजतो. तो नव्यांच्या द्वेषातून आलेला नव्हता, आपलं माणूस न सांगता निघून गेल्याचं ते दुःख होतं.

सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली व्हाइबने. पॅको रामोन हा पोर्तो रिकोच्या वंशाचा, ब्रेकडान्स करणारा, टोळीतून आलेला पोरगा. त्याच्या तोंडची इंग्रजी मुद्दाम मोडून लिहिलेली. ‘टायटन्स’चे चित्रकार जॉर्ज पेरेझ स्वतः पोर्तो रिकन कुटुंबातले, हे पात्र म्हणजे साचा आहे, असं त्यांनी उघडपणे बोलून दाखवलं. ती टीका रास्त होती. व्हिक्सनला मात्र त्याच रागाची झळ लागली, हा मला अन्याय वाटतो. 1978 मध्ये तिची स्वतंत्र मालिका यायची होती, डीसीची कृष्णवर्णीय नायिकेच्या नावाची पहिलीच. त्या वर्षी डीसीने धडाधड मालिका बंद केल्या, त्यात तीही निघण्याआधीच गेली. लीगमध्ये तिला पहिल्यांदा हक्काची जागा मिळाली, आणि ती नेमकी नावडत्या लीगमध्ये.

1986 मध्ये 250 व्या अंकात जुने सदस्य भेटायला आले आणि बॅटमॅन काही काळ राहिलाही. तेवढ्याने निभावलं नाही. कॉनवे गेले, शेवटचे अंक जे. एम. डीमॅटिस यांच्याकडे आले आणि आवराआवर सुरू झाली. 258 व्या अंकात लीग फुटल्यावर व्हाइब एकटाच डेट्रॉइटच्या रस्त्यावर निघतो. खलनायक प्रोफेसर आयव्होचा यंत्रमानव त्याला गाठतो आणि मारतो. कर्तव्यावर जीव गेलेला लीगचा हा पहिला सदस्य. त्याचा मृतदेह परत आणते ती व्हिक्सन. मग स्टीलचीही तीच गत होते. फक्त जिप्सीपाशी आलेल्या यंत्रमानवाला दया येते आणि तो तिला सोडून देतो. एप्रिल 1987 च्या 261 व्या अंकाने मालिका संपली. तीनच अंकांपूर्वीपर्यंत जिवंत असलेल्या व्हाइबला वाचकांची नावड संपवण्यासाठी मारलं गेलं, असं आजही वाचताना वाटत राहतं.

पुढे ‘जस्टिस लीग डेट्रॉइट’ हे नाव चाहत्यांच्या तोंडी फसलेल्या प्रयोगासाठी रूढ झालं. पात्रं मात्र टिकली. 2013 मध्ये व्हाइबच्या नावाने मालिका निघाली. 2014 पासून ‘द फ्लॅश’ या दूरदर्शन मालिकेत कार्लोस वाल्देस यांनी तो सिस्को रामोन म्हणून उभा केला: प्रयोगशाळेतला हुशार तंत्रज्ञ, शत्रूंना टोपणनावं देणारा, घरोघरी लाडका. त्याच्या तोंडी ती मोडकी भाषा नव्हती. 2015 मध्ये व्हिक्सनचीही स्वतःच्या नावाची अ‍ॅनिमेटेड मालिका आली. डेट्रॉइट शहर त्या गोष्टीत होतंच.